परांची बांधताना ठेकेदाराने काय पाहावे?

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा या भागात विटकाम, प्लास्टर, रंगकाम यांचे लहान ठेके घेणारे अनेक जण आहेत. दर देताना सिमेंट, रेती, मजुरी यांचा हिशेब पैशापैशाने होतो. परांची मात्र ‘होऊन जाईल’ या सदरात जाते. मग मागच्या कामावरचे बांबू, सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या आणि जुनी दोरी यांच्या भरवशावर माणसे तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. उंचीवरून पडणे हे जगभर बांधकामावरील मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून परांचीचा खर्च दरपत्रकात वेगळी बाब म्हणून लिहावा. मालक घासाघीस करील, पण तो नेमके काय कापतो आहे ते कागदावर तरी दिसेल.

आपल्याकडे बांबूची वाण नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, हे सर्वश्रुत आहे. परंतु जंगल जवळ असले म्हणजे प्रत्येक बांबू परांचीच्या लायकीचा ठरत नाही. मानवेल बराचसा भरीव असतो. कटांग जाड, पण पोकळ. तीन वर्षांखालचा कोवळा बांबू वाळला की आक्रसतो आणि गाठ सैल पडते. बांबूवर बारीक छिद्रे असतील, ठोकल्यावर पिवळट भुकटी गळत असेल, तर किडा लागला आहे असे समजावे. उभी चीर गेलेला बांबूही बाजूला काढावा. असे बांबू साईटवर ठेवूच नयेत, कारण घाईच्या दिवशी तेच उचलले जातात. आडवे तुकडे करून टाकलेले बरे.

दोरीकडे सर्वात कमी लक्ष जाते. काथ्याची दोरी पावसात भिजते, उन्हात वाळते आणि ढिली होते. नायलॉनची दोरी गुळगुळीत बांबूवर घसरते व उन्हाने कुजते. दोन्हींपैकी कोणतीही वापरली तरी गाठी रोज सकाळी चढण्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तपासून पुन्हा आवळल्याच पाहिजेत. हे काम एका जाणत्या मिस्त्रीच्या नावावर असावे. ‘सगळेच बघतात’ याचा अर्थ कोणीच बघत नाही.

वरोरा-भद्रावतीकडील काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते. तेथे उभा बांबू नुसता जमिनीवर टेकवला तर एक पाय खचतो आणि सगळा सांगाडा एका अंगाला कलतो. प्रत्येक पायाखाली रुंद, जाड लाकडी फळी द्यावी. विटांचे तुकडे रचून उंची साधण्याची सवय वाईट, वीट फुटते. तिरके बांबू फुलीसारखे बांधावेत आणि साधारण दर चार मीटर उंचीला परांची पक्क्या इमारतीशी जखडावी. खिडकीच्या चौकटीला किंवा पावसाच्या पाइपला बांधणे म्हणजे न बांधण्यासारखेच.

उभे राहण्याच्या जागी फळ्या सलग हव्यात व त्या बांधलेल्या हव्यात. कडेला कमरेच्या वर, सुमारे एक मीटरवर आडवा कठडा आणि पायाशी १५ सेंटिमीटरची आडफळी असावी. ही आडफळी खालून जाणाऱ्यासाठी असते; थापी किंवा वीट तिला अडून राहते. विटांचा ढीग एकाच ठिकाणी रचू नये. वर जाण्यासाठी शिडी द्यावी. बांबूला लोंबकळत चढणे ही मर्दुमकी नव्हे.

लोखंडी पाइपची परांची बळकट असते, पण विजेच्या तारेजवळ ती काळच ठरते. ओला बांबूही वीज वाहून नेतो. तार जवळ असेल तर महावितरणकडे अर्ज करून पुरवठा बंद करवून घ्यावा. दुर्गापूरच्या वीज केंद्रासारख्या मोठ्या कारखान्यांत तपासणी झाल्याची पाटी लागल्याशिवाय परांचीवर चढू देत नाहीत. गावातल्या दुमजली घरालाही ती पद्धत परवडते. एक पुठ्ठा, तारीख आणि सही एवढेच लागते.

आपल्या उन्हाळ्याचा वेगळा विचार केला पाहिजे. पारा ४५ अंशांवर गेल्यावर वरच्या माणसाला भोवळ येते, आणि खाली उभ्या असलेल्याला ते समजत नाही. मे महिन्यात आणि रोज्यांच्या दिवसांत उंचीचे काम सकाळीच उरकावे.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने वेगळा कायदा केला आणि १९९८ च्या नियमांत परांचीवर तपशिलाने तरतुदी दिल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. वय १८ ते ६० आणि मागील वर्षात ९० दिवसांचे काम, एवढ्यावर कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी लागणारा ९० दिवसांचा दाखला ठेकेदारालाही देता येतो. तेव्हा हजेरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.