कंबर दुखतेय, मग एमआरआय काढू का?

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकजण थेट शेवटच्या ओळींवर जातात. ‘एल-४, एल-५ मधली गादी झिजलेली, फुगवटा, नसेवर किंचित दाब.’ त्या रात्री झोप लागत नाही. एरवी जी कंबर वाकताना दुखायची, ती आता वाकण्याच्या भीतीनंच धरते.

मणक्यांमधल्या गादीच्या गाभ्यात पाणी असतं. एमआरआयच्या ठरावीक चित्रांत ते पांढरं दिसतं. वयाबरोबर पाणी आटलं की गादी काळी दिसू लागते. रिपोर्टातली झीज म्हणजे बऱ्याचदा एवढंच. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विसाव्या वर्षी ३७ टक्के आणि पन्नासाव्या वर्षी ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. पन्नाशीतल्या ६० टक्क्यांत फुगवटाही होता. यांना कुणी ऑपरेशन सुचवलं असतं तर?

झीज कधीच दुखत नाही, असं मी म्हणत नाही. पण फिल्म आणि पाय यांची साक्ष जुळायला हवी. एल-५ची नस दबली तर कळ पावलाच्या वरच्या बाजूनं अंगठ्याकडे जाते, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. तिच्याखालची एस-१ दबली तर त्या पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड जातं. फिल्ममध्ये दाब डावीकडे आणि कळ उजव्या मांडीत, असं असेल तर ती गादी निर्दोष समजावी. म्हणूनच डॉक्टर आधी तुम्हाला टाचांवर चालायला लावतात. नुसती फिल्म पाहून ऑपरेशनची तारीख मिळाली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एमआरआयची सहसा गरज नसते. झेपेल तसं चालत राहा. अंथरुणाला खिळून राहिल्यानं कंबर आणखी आखडते. सुटलेल्या गादीचे मोठे तुकडेसुद्धा अनेकदा काही महिन्यांत आपोआप विरघळतात.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तरीही थांबू नका. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही दिसतो, आणि तो लवकर पकडायला एमआरआयसारखी तपासणी नाही. तिथे खर्चाकडे बघू नका.