जुन्या जीपगाडीची निगा : पांदणींतील पाणी आणि अॅक्सलचें तेल

मोर्शी तालुक्यांतील संत्र्यांच्या बागा व तिकडे जाणाऱ्या पांदणी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस जुनी जीप या भागांत अद्याप कां टिकून आहे हें निराळें सांगावयास नको. आंबिया बहाराचें फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतें. म्हणजे पहिली तोड अशा वेळीं येते कीं, काळ्या जमिनींतील ओल अजून पुरती हटलेली नसते. व्यापाऱ्याचा ट्रक पक्क्या सडकेवर उभा राहतो, आणि बागेपासून सडकेपर्यंतची वाट, मधल्या नाल्यासह, धन्यास आपल्याच साधनानें काढावी लागते. त्या दिवशीं जीप नाल्यांत बसली तर तोडलेलें फळ कॅरेटांत तसेंच पडून राहतें, मजूर बसून मजुरी घेतात, आणि व्यापारी भाव पाडून मागतो. म्हणून जीपची निगा हा हौसेचा विषय नसून बागेच्या हिशेबांतील एक बाब आहे असें आम्ही समजतों.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं विलीस कंपनीनें जी गाडी बनविली, तिचाच हा वंश. आपल्या देशांत स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र आणि महिंद्र कंपनीनें मुंबईस तिची जोडणी आरंभिली, आणि १९८० नंतरच्या दशकांत प्यूजो नमुन्याच्या डिझेल इंजिनाची एमएम ५४० निघाली. इंजिनें बदललीं, तरी अॅक्सल, ट्रान्स्फर केस व पाट्यांच्या स्प्रिंगा यांची मूळ घडण फारशी बदलली नाहीं. ही घडण उघडी व साधी असल्यामुळें पाने, जॅक, वंगणाची पिचकारी व डबाभर घासलेट एवढ्या सामग्रीवर शेतकऱ्यास पुष्कळ काम घरींच करतां येतें.

मात्र बहुतेक मालक लक्ष देतात तें इंजिनाकडे. आमच्या मतें काळ्या जमिनींतील जीपचें आयुष्य इंजिनापेक्षां अॅक्सलमध्यें संपतें. बैलगाडीच्या आंसाचें वंगण आटलें म्हणजे चाक कुरकुरूं लागतें व धनी सावध होतो. जीपचें तेल लोखंडी पेटींत बंद असतें. तें बिघडलें तरी कित्येक दिवस कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि घरघर ऐकूं येऊं लागली म्हणजे आंतील दांते व बेअरिंग हातचीं गेलेलीं असतात.

हें पाणी आंत शिरतें कसें, तें समजून घ्यावें. सडकेवरून धांवून आलेल्या गाडीचा अॅक्सल तापलेला असतो व त्यांतील हवा फुगलेली असते. अशी गाडी नाल्यांत घातली कीं लोखंड एकदम थंड होतें, हवा आकसते, आणि पेटी बाहेरचें शोषून घेऊं लागते. अॅक्सलवरील ब्रीदर मोकळा व पाण्याच्या वर असेल तर त्यांतून हवा जाते. तो चिखलानें बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेनें पाणी ओढलें जातें. यासाठीं पावसाळ्यापूर्वीं ब्रीदर काढून घासलेटांत धुवावा व फुंकून पाहावा. काम एका घटकेचें आहे. नाल्याच्या कांठीं गाडी थोडा वेळ थांबवून निवूं द्यावी, हेंही चांगलें. पण तोडीच्या घाईंत हें कोणी करीत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे.

पाणी शिरलें कीं नाहीं, हें पाहण्याची रीत अशी. गाडी सपाट जागीं रात्रभर उभी ठेवावी. पाणी तेलापेक्षां जड असल्यामुळें सकाळपर्यंत तें तळाशीं बसतें. प्रथम वरचें, म्हणजे तेल भरण्याचें बूच उघडून पाहावें. तें गंजून बसलें असेल आणि खालचें तेल आधींच सोडून दिलें असेल, तर नवें तेल भरावयास जागाच राहत नाहीं. मग खालचें बूच थोडें ढिलें करावें. पहिले थेंब पाण्याचे आले, किंवा तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर सारें तेल सोडून ९० नंबरचें नवें तेल भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत भरावें. पाणी बरेंच निघालें असेल तर थोडी गाडी चालवून तेंही तेल एकदां सोडावें. ही उधळपट्टी नव्हे. गिअर बॉक्स व ट्रान्स्फर केस यांचें तेल निरनिराळें तपासावें. दोहोंमधील सील झिजलें कीं एकांतील तेल दुसऱ्यांत उतरतें, आणि एकच बूच पाहणारा फसतो.

पुढील चाकांच्या बेअरिंगचीही हीच गत आहे. हब काढून बेअरिंग घासलेटांत धुवावें, पुरतें वाळवावें, व वंगण तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींतून दाबून भरावें. नट आवळतांना चाक फिरवीत राहावें. चाक जड झालें म्हणजे नट सुमारें एक षष्ठांश फेरा मागें घ्यावा आणि लॉक वॉशर बसवून वरचा नट कसावा. ब्रेकच्या ड्रमांत वंगणाचा हात लागूं देऊं नये.

येथें एका धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. जुन्या विलीस नमुन्याच्या जीपांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागें, मागील प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचें एक चाक जॅकवर उचललें कीं डिफरन्शियलमुळें तें चाक उलट फिरून जमिनीवरचें चाक मोकळें करतें, आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. तेव्हां जमिनीवरील चाकांना दोन्ही अंगांनीं दगड लावल्यावांचून, व चेसिसखालीं मजबूत लांकडी ठोकळे दिल्यावांचून कोणींही गाडीखालीं शिरूं नये. पोराला तर मुळींच शिरूं देऊं नये.

नाला ओलांडल्यावर ब्रेक भिजलेले असतात. सडकेवर लागण्यापूर्वीं सावकाश चालत असतां पायानें हलका ब्रेक चारसहा वेळां दाबून ते वाळवावे; मागें ट्रेलर भरलेला असेल तर हें चुकवूं नये. पेट्रोलच्या गाडींत खोल पाण्यापूर्वीं पंख्याचा पट्टा ढिला करतात, म्हणजे पंखा डिस्ट्रिब्यूटरवर पाणी उडवीत नाहीं. हवेच्या वाटेनें इंजिनांत पाणी जाऊन तें बंद पडलें, तर स्टार्टर मारूं नये. पाणी दाबलें जात नाहीं, कनेक्टिंग रॉड वांकतो. प्लग, अथवा डिझेल असल्यास इंजेक्टर, काढून मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावें.

चारी चाकांच्या जोडणीविषयीं दोन शब्द. ही जोडणी चिखलासाठीं आहे, डांबरी सडकेसाठीं नव्हे. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर चालत नाहींत. चिखलांत तीं घसरून तडजोड करतात, कोरड्या सडकेवर तो ताण गिअरांवर चढतो आणि दांडी अडकते. अशी दांडी हातोड्यानें ठोकणारे पुष्कळ आहेत. गाडी सरळ रेषेंत थोडी मागें घ्यावी, ताण उतरतो व दांडी सहज सुटते.

सालबर्डीच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, चिखलाऐवजीं गोटे भेटतात. तेथें स्प्रिंगांच्या पाट्या व यू-बोल्ट हीं आधीं जातात. भरल्या ट्रेलरच्या प्रत्येक खेपेनंतर यू-बोल्टचे नट पान्यानें चांचपावे, आणि एखादी पाटी तडकलेली दिसली तर ती तोडीपूर्वींच बदलून घ्यावी. ऑइल सील आणावयास जातांना जुनें सील बरोबर न्यावें, व त्याच्या कडेवरील आंकडा दुकानदाराकडून ताडून घ्यावा.