दाराचा टब आणि आपले न्हाणीघर

वाचकांपैकी एका गृहस्थांनी मला विचारले आहे की, त्यांच्या मातोश्री संधिवाताने गांजलेल्या असून, अमेरिकेत नोकरीस असलेल्या त्यांच्या धाकट्या बंधूंनी तिकडे पाहिलेला, एका बाजूस दार व आत बैठक असलेला स्नानाचा टब पुण्याच्या घरी बसवून घेण्याचा आग्रह धरला आहे. तर हा खर्च करावा किंवा कसे. आईच्या स्नानाची काळजी दोन मुलांनी दोन खंडांतून वाहावी, ही गोष्ट मला फार हृद्य वाटली, आणि म्हणूनच हे उत्तर चार ओळींत उरकण्याचे माझ्या मनास येईना.

हा टब मुळात कोणत्या अडचणीवर तोडगा म्हणून निघाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पाश्चात्त्य घरांतून टबात शिरून स्नान करण्याची रीत आहे. त्या टबाची कड दीड फुटाच्या आसपास उंच असते, आणि ज्याचे गुडघे व तोल दोन्ही क्षीण झाले आहेत अशा माणसाने एका ओल्या पायावर शरीराचा सारा भार पेलून दुसरा पाय त्या कडेपलीकडे टाकावा, यापरते जोखमीचे कृत्य त्या घरात दिवसभरात क्वचितच दुसरे असेल. दाराच्या टबाने ही कड नाहीशी केली: 3 ते 7 इंचांचा उंबरा ओलांडावयाचा, सुमारे 17 इंच उंचीच्या बैठकीवर टेकावयाचे, दार लावून घ्यावयाचे आणि मग पाणी सोडावयाचे. योजना निःसंशय कल्याणकारी आहे.

परंतु दार लावल्यानंतरच पाणी सोडावयाचे, या एका शर्तीत तिची गैरसोयही साठलेली आहे. टब भरेपर्यंत वृद्ध माणसाने उघड्या अंगाने आत बसून राहावयाचे, आणि स्नान आटोपल्यावर पाणी पुरते ओसरेपर्यंत ओल्या अंगाने पुन्हा बसावयाचे. कारण आतल्या बाजूस उघडणारे दार पाण्याच्या दाबामुळे तोवर जागचे हलत नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला जोर बेताचाच असतो, आणि टबास 200 लिटरांच्या आसपास पाणी लागते. नळाचे पाणी 25 अंश सेल्सिअसचे धरले, तर एवढे पाणी अंगास सोसेल अशा 38 अंशांवर आणण्यासाठी 50 अंशांचे शंभरावर लिटर गरम पाणी हवे. घरातला 25 लिटरांचा गीझर त्याचा चौथा हिस्सा पुरवील. शिवाय 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलोग्रॅम वजन. त्यात टबाचे व माणसाचे वजन मिळविले म्हणजे वरच्या मजल्यावरील स्लॅबबद्दल इंजिनियरांकडून खातरजमा करून घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्याकडे ती दीड फुटाची कड बहुधा नसतेच. आपण पाटावर बसतो, बादलीत किंवा घंगाळात पाणी घेतो, विसण घालतो आणि तांब्याने अंगावर ओततो. आपला वृद्ध पडतो तो आत शिरताना नव्हे, उठताना. कढत पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, रक्त पायांकडे उतरते, आणि वार्धक्यात, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असताना, उभे राहताच रक्तदाब एकाएकी खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याच क्षणी गुडघे चार इंचांच्या पाटावरून सारे शरीर वर उचलू पाहत असतात, आणि पायाखाली साबणाचे पाणी असते. खुब्याचे हाड मोडते ते अशा वेळी. आणि खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत एक, कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक, वर्षाच्या आत दगावतात, हे आम्हां डॉक्टरांस ठाऊक असल्यामुळेच इतक्या कळकळीने लिहीत आहे.

सदाशिव पेठेतील एका जुन्या घरात ज्या आजींना तपासण्यास मी जात असे, त्यांच्या न्हाणीघरात नळाशेजारी, कमरेच्या किंचित वर, भिंतीवर तळहाताएवढा काळपट, तेलकट डाग होता. घरच्यांनी दोनदा चुना मारला तरी तो पुन्हा उमटे. मी आजींना नित्याप्रमाणे पाटावर बसून उठून दाखविण्यास सांगितले. त्यांनी डाव्या हाताने नळाची तोटी धरली, उजवा तळहात नेमका त्या डागावर टेकला, आणि तोटी भिंतीत जराशी हलली. दांडी कोठे बसवावयाची याचा दाखला त्या भिंतीवर कित्येक वर्षे उमटलेला होता. तो वाचण्याची तसदी मात्र आम्हां कोणीच घेतली नव्हती. म्हणून माझी पहिली शिफारस खरेदीची नाही. आपले वडील, आपली आई, स्नानास कशी बसतात, कशी उठतात, हात कोठे जातो, हे एकवार कपड्यांनिशी करून दाखविण्यास सांगा आणि स्वस्थपणे पाहा.

त्यानंतरची तजवीज अवघड नाही. पाटाऐवजी चारही पायांना रबरी बूच असलेले, 17 ते 19 इंच उंचीचे स्टूल आणावे. त्यावर बसल्यावर तळपाय जमिनीस पुरते टेकून गुडघे काटकोनात राहिले पाहिजेत, नाहीतर ते त्या माणसाचे स्टूल नव्हे. हात जातो तेथे सव्वा ते दीड इंच जाडीची, भिंतीपासून दीड इंच अंतर असलेली पोलादी दांडी पक्क्या विटांच्या भिंतीत स्क्रूने बसवावी, म्हणजे मूठ पुरती वळेल. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार टाकू नये. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्याही माझ्या मते घरात आणू नयेत, कारण त्या निसटतात त्या नेमक्या भार पडल्यावरच. अभ्यंगाच्या दिवशी तेल लावलेल्या माणसाला एकट्याने न्हाणीत जाऊ देऊ नये.

पाण्याबाबत दोन शब्द. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. गीझर 50 अंशांच्या वर ठेवू नये. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना भाजल्याचे कळतही नाही, यास्तव बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम मिळवावे, आणि ते कोपराने पाहावे. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात लावणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात थारा देणे होय. त्या वायूला वास नाही.

मग दाराचा टब कोणी घ्यावा? जेथे टबाचीच रीत आहे अशा परदेशी घरात राहणाऱ्या, दुखऱ्या सांध्यांना कोमट पाण्यात बुडवून बसल्याने ज्यांस खरोखर आराम पडतो, जे उंबरा ओलांडण्याइतके चालते आहेत आणि ज्यांच्या घरी मोठा बंब व मदतीस माणूस आहे, अशांनी तो अवश्य घ्यावा. मात्र घेण्यापूर्वी त्यात कोरडे बसून पाहावे, दाराची कडी दुखऱ्या बोटांनी उघडते की नाही ते पाहावे, पाणी ओसरण्यास किती मिनिटे लागतात हे विचारावे, आणि दाराच्या रबरी पट्टीची हमी किती मुदतीची आहे ते लेखी घ्यावे. चाकांच्या खुर्चीवर असलेल्या माणसास उंबराच नसलेले, सपाट फरशीचे न्हाणीघर बहुधा अधिक उपयोगी पडते.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांच्या मातोश्रींस टबाची गरज नाही, असे मला वाटते. स्टूल, दोन दांड्या आणि न्हाणीघराचे बाहेर उघडणारे दार एवढ्याने त्यांचे काम भागेल. दार आत उघडत असेल, तर पडलेले माणूसच त्यास अडसर होऊन बसते. ते फिरवून घेण्यास सुताराला वेळ लागेल; तोवर न्हाणीघराची आतली कडी मात्र आजच काढून टाका.