स्वप्नात श्वासाचं बोट धर

पोरी, स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळावं, अशी तुला हौस आहे ना? मग आधी जागेपणी स्वतःचा श्वास कळू दे.

झोप मोडून स्वप्नांच्या मागे लागू नकोस. स्वप्नांची झोप साधारण दीड-दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. उशिरा निजून लवकर उठलीस, तर नेमकी तीच हातची जाते.

दिवेलागणीला दहा मिनिटं बस. श्वास लांबवू नकोस, कोंडू नकोस. नाकपुड्यांशी जाणवेल तेवढाच बघ. श्वास सोडताना एक ते दहा मोज. आकडा चुकला, की 'मन भटकलं' एवढं ओळख आणि पुन्हा एकपासून लाग. हे ओळखणंच खरी मेहनत आहे. स्वप्नातही तेच करायचं असतं.

दिवसा काही विचित्र वाटलं, की तोंड मिटून नाक चिमटीत धर आणि श्वास घेऊन बघ. जागेपणी हवा अडते. स्वप्नात बहुतेकदा नाक दाबूनही श्वास आत येतो. दर वेळी मनापासून शंका घे. सवयीने उरकलंस, तर स्वप्नातही उरकशील.

पहाटे आपसूक जाग आली, तर लगेच हलू नकोस. स्वप्न आठव, उशाशी ठेवलेल्या वहीत दोन ओळी लिही. मग कुशीवर होऊन श्वास मोज आणि मनाशी म्हण, 'पुढच्या स्वप्नात मला कळेल.' मोजता मोजता झोप लागू दे.

भान आलं, की हरखून जाऊ नकोस. तेवढ्यानेही जाग येते. संथ श्वास घे, तळवे चोळ, मग हवं तिकडे जा.

कधी जाग येऊनही अंग हलत नाही. घाबरू नकोस. स्वप्नांच्या झोपेत हातपाय ढिले पडतात, डोळे आणि श्वासपटल मात्र काम करत असतात. म्हणूनच स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांच्या १९८० च्या सुमाराच्या प्रयोगांत झोपलेल्यांना ठरल्याप्रमाणे डोळे हलवून स्वप्नातून खूण करता आली. स्वप्नात ठरवून श्वास रोखला, तेव्हा देहाचाही श्वास थांबला. तू फक्त श्वासाकडे लक्ष ठेव. अंग आपोआप सुटेल.

ज्याला निद्रानाश असेल किंवा खऱ्याखोट्याचा गोंधळ उडवणारा आजार असेल, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. मैत्रिणींना शिकवशील, तेव्हा हेही सांग.

स्वप्न बरेच दिवस हुलकावणी देईल, देऊ दे. संध्याकाळचं बसणं मात्र चुकवू नकोस.