परंपरा कोणाची? : रिव्हा सीगल यांचे संविधानविषयक लेखन

संविधानाचा अर्थ लावताना इतिहासाकडे पाहावे, हे इतिहासाच्या शिक्षकाला रुचणारच. पण इतिहासातील कोणाकडे पाहावे? अमेरिकेतील येल विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्रा. रिव्हा सीगल हा प्रश्न गेली तीन दशके विचारीत आहेत. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींनी तो अवश्य समजून घ्यावा.

१९७३ साली 'रो विरुद्ध वेड' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा अधिकार मान्य केला, तो खासगीपणाच्या आधारे. सीगल यांच्या मते हा प्रश्न समानतेचाही आहे. 'स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू'मधील १९९२ च्या प्रदीर्घ लेखात त्यांनी एकोणिसाव्या शतकातील गर्भपातबंदीची मोहीम तपासली. होरेशिओ स्टोरर या डॉक्टरच्या पुढाकाराने १८५७ नंतर वैद्यकीय संघटनेने ती चालवली. गर्भाच्या जीवाविषयीच्या युक्तिवादासोबत तेथे आणखी दोन चिंता उघडपणे मांडलेल्या दिसतात: पत्नीने मातृत्वाचे कर्तव्य टाळू नये, आणि स्थलांतरितांची संख्या जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांहून वाढू नये. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना समूहाची सीमा राखण्यासाठी स्त्रीवर घातलेले हे बंधन नवे वाटणार नाही.

२४ जून २०२२ रोजी 'डॉब्स' खटल्यात न्यायालयाने 'रो'चा निर्णय रद्द केला. संविधानात स्पष्ट उल्लेख नसलेला अधिकार राष्ट्राच्या इतिहासात आणि परंपरेत खोलवर रुजलेला असला पाहिजे, ही त्यामागची कसोटी. चौदावी घटनादुरुस्ती संमत झाली त्या १८६८ साली ३७ पैकी २८ राज्यांत गर्भपात सर्व टप्प्यांवर गुन्हा होता, असे निकालपत्र सांगते. या आकड्यावर इतिहासकारांचे आक्षेप आहेत. ते बाजूला ठेवू. ते कायदे करणाऱ्या सभागृहांत एकही स्त्री नव्हती, आणि त्यांना निवडून देणाऱ्या मतदारांतही नव्हती. देशभरातील स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी दुरुस्ती १९२० ची. २००२ साली 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये सीगल यांनी दाखवले की, मताधिकाराचा लढा हा कुटुंबातील स्त्रीच्या दुय्यमत्वाविरुद्धचाही लढा होता. म्हणून चौदावी दुरुस्ती एकोणिसाव्या दुरुस्तीसह वाचली पाहिजे.

इतिहासाचे बंधन नसेल तर न्यायाधीशांना कोण आवरणार, असा प्रतिपक्षाचा आक्षेप आहे. तो हलका नाही. त्यावर सीगल यांचे म्हणणे असे की, कोणता काळ आणि कोणाचे मत प्रमाण धरायचे, हे ठरवतानाच न्यायाधीशांची मूल्ये आत शिरतात. इतिहासाचे नाव घेतल्याने ती फक्त झाकली जातात.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १३ ने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. मूलभूत अधिकारांशी विसंगत असलेले संविधानपूर्व कायदे तेवढ्या मर्यादेत शून्य ठरतात, आणि या 'कायद्या'त रूढीही येते. म्हणजे येथे परंपरेला न्यायासनावर नव्हे, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. व्यक्तिगत कायदे मात्र मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात या कसोटीबाहेर ठेवले.

'डॉब्स'नंतर तीन महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताच्या नियमांत अविवाहित स्त्रीलाही स्थान दिले. त्यासाठी अनुच्छेद १४ मधील समानतेचा आधार घेतला. १९७१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरचे मत मात्र आजही आवश्यक आहे.