विमानाच्या पायांतील भेगा

कुंभाराकडे मडके घ्यावयास गेलेले गिऱ्हाईक ते हातात तोलून धरते आणि बोटाने टिचकी मारून पाहते. मडके अखंड असेल तर खणखणीत नाद येतो. कोठे बारीकशी भेग असेल तर ते बद्द वाजते. रेल्वेच्या फलाटावर गाडी उभी असता लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकीत जाणारा कामगार हीच परीक्षा करीत असे. वस्तू न मोडता, न कापता तिच्यातील दोष ओळखण्याच्या या विद्येला ‘अविनाशी परीक्षण’ असे नाव आहे. विमानाच्या पायांची तपासणी याच कुळातील होय. मात्र तेथे टिचकीने किंवा हातोडीने भागत नाही. ते का, हे समजण्यासाठी प्रथम त्या पायांना काय सोसावे लागते ते पाहिले पाहिजे.

विमानाची चाके, त्यांचे आस, त्यांना धरणारा जाड नळीसारखा खांब, तिरपे आधार व बिजागऱ्या या सर्वांना मिळून ‘लँडिंग गिअर’ म्हणतात. बोइंग ७३७-८०० या जातीचे विमान उतरताना जास्तीत जास्त सुमारे ६६ टन वजनाचे असू शकते. असे विमान सेकंदाला ३.०५ मीटर इतक्या वेगाने खाली येत जमिनीला टेकले तरी पाय मोडता कामा नयेत, असा आराखड्याचा नियम आहे. हा वेग केवढा? गणित सोपे आहे. सुमारे दीड फूट उंचीवरून मोकळी सोडलेली वस्तू जमिनीशी याच वेगाने पोहोचते. अर्थात रोजचे उतरणे याहून पुष्कळ सौम्य असते. खांबाच्या पोकळीत तेल आणि दाबलेला नायट्रोजन वायू असतो. दट्ट्या आत शिरताना तेल अरुंद छिद्रातून जोराने ढकलले जाते आणि आघाताची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते.

परंतु पायाला सोसावा लागणारा भार केवळ वरून येत नाही. चाके आकाशात स्थिर असतात आणि धावपट्टीला स्पर्श होताच त्यांना ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाशी जुळवून घ्यावे लागते. त्या क्षणी जमीन चाकांना मागे खेचते आणि खांब किंचित मागे वाकतो. चाके फिरू लागताच तो पुढे झेपावतो. नंतर ब्रेक लागतात, वळणे घेताना खांबाला पीळ बसतो, पुढे खेचगाडी विमान ओढून नेते. हे सारे एका उड्डाणाचे झाले. दुसऱ्या उड्डाणाला ते पुनः पहिल्यापासून सुरू होते.

पोलाद एका मोठ्या ओझ्याने मोडते हे सर्वांस ठाऊक असते. ते अनेक लहान ओझ्यांनीही मोडते, ही गोष्ट मात्र माणसाला रेल्वेने शिकविली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. आसावर पेलवणार नाही असे ओझे नव्हते. पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता आउगुस्ट व्होलर याने कित्येक वर्षे आसांवर प्रयोग करून दाखविले की, धातूच्या मूळ बळाहून पुष्कळ कमी असलेला भारही लक्षावधी वेळा उलटसुलट दिला असता धातू मोडतो. यास धातूचा शिणवटा म्हणतात. शब्द माणसावरून घेतला आहे, पण एक भेद ध्यानात ठेवावा: माणसाचा शीण विश्रांतीने जातो, धातूचा जात नाही.

येथे भाषेविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. मूळ इंग्रजी लेखनात एकाच शब्दाने जे सांगतात, त्यासाठी मराठीत निदान तीन शब्द आहेत. जमिनीला भेग पडते, फळीला चीर जाते, काचेला तडा जातो. भेग हळूहळू रुंदावते, तडा एकाएकी जातो. अनुवाद करताना यांपैकी कोणता शब्द घ्यावा असा प्रश्न पडला, आणि उत्तर विषयानेच दिले. शिणवट्यात आधी भेग असते. हजारो उड्डाणांत ती केसाकेसाने वाढते. आणि एके दिवशी तडा जातो. तपासणी करायची ती भेगेची. तडा पाहण्यास तपासनिसाची गरज नसते.

भेग इतकी घातक का? १९१३ साली इंग्लंडमध्ये इंग्लिस या गणितज्ञ अभियंत्याने याचे गणित मांडले. पृष्ठभागापासून एक मिलिमीटर खोल गेलेली आणि टोकाशी एक शतांश मिलिमीटर त्रिज्येची खाच घेतली, तर तिच्या टोकाशी ताण आसपासच्या ताणाच्या एकवीस पट होतो. खऱ्या धातूत टोकापाशी धातू थोडा नमतो आणि ही तीव्रता बोथट होते. मऊ पोलाद भरपूर नमते, म्हणून ते भेग पुष्कळ सहन करते. विमानाच्या पायांसाठी मात्र मऊ पोलाद चालत नाही. पाय जड झाले तर विमान उडावयाचे कशाने? म्हणून ‘३००एम’ नावाचे अतिशय बळकट पोलाद वापरतात. त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटर छेदाला सुमारे २०० किलोग्रॅम भार पेलवतो. हे बळ बांधकामाच्या साध्या पोलादाच्या चौपटीहून अधिक आहे. पण बळ वाढविले की चिवटपणा घटतो. या पोलादावर त्याच्या बळाच्या निम्मा ताण असेल, तर पृष्ठभागावरील अर्धवर्तुळाकार भेग सुमारे दोन-अडीच मिलिमीटर खोल होताच तडा जाऊ शकतो. एवढी खोली म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी!

विमानाच्या पंखांत किंवा कायेत एखादी भेग पडली तर तिचा भार शेजारच्या भागाने काही काळ उचलावा, अशी रचना पुष्कळ ठिकाणी करता येते. तेथे भेग वाढत असताना ती दोन-तीनदा तपासणीच्या टप्प्यात यावी, अशा बेताने तपासण्यांमधील अंतर ठरवितात. पायाच्या खांबाला असा शेजारी नाही. शिवाय दिसण्याजोगी भेग आणि घातक भेग यांच्यात अंतर इतके थोडे की, वाट पाहण्यास जागाच उरत नाही. म्हणून पायांच्या बाबतीत वेगळी रीत आहे. नमुन्याचा पाय प्रयोगशाळेत यंत्राने हजारो वेळा दाबून, वाकवून पाहतात. तो जितका टिकतो त्याच्या काही अंश इतकेच आयुष्य प्रत्यक्ष पायाला देतात. आणि ठरलेली उतरणी पुरी झाली की तो भाग दिसावयास कितीही चांगला असो, बाद करतात.

मग तपासणी कशासाठी? हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याने विचारावा असाच आहे. आयुष्याचे ते गणित पायाचा पृष्ठभाग निर्दोष आहे असे गृहीत धरून केलेले असते. व्यवहारात तो तसा राहत नाही. धावपट्टीवरचा खडा उडून मुलाम्याला टवका उडतो, तेथे ओल शिरते, गंजाचा सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि त्याच्या तळाशी भेग जन्म घेते. दट्ट्यावर क्रोमियमचा कठीण थर असतो. तो दगडाच्या चक्राने घासताना घाई झाली तर खालचे पोलाद जागच्या जागी भाजते व ठिसूळ होते. वरून काही दिसत नाही. क्रोमियम काढून सौम्य नायट्रिक आम्ल लावले तरच भाजलेली जागा निराळ्या रंगाने उठून दिसते. कॅडमियमचा मुलामा विजेच्या साहाय्याने चढविताना हायड्रोजन वायूचे अणू पोलादात शिरतात. ते बाहेर काढण्यासाठी तो भाग काही तासांच्या आत भट्टीत घालून सुमारे १९० अंश सेल्सिअस तापमानात किमान २३ तास ठेवावा लागतो. यात कसूर झाली तर विमान उभे असतानाही, नुसत्या स्थिर भाराखाली, काही तासांनी वा दिवसांनी तडा जाऊ शकतो. तपासनीस शोधतो ती भेग अशी, नियमाप्रमाणे तेथे असावयास नको असलेली.

साधारणपणे दहा वर्षांच्या सुमारास पाय विमानापासून सोडवून कारखान्यात आणतात. सुटे भाग करून ग्रीज, रंग, कॅडमियम सर्व काढून टाकतात आणि उघड्या पोलादाची चुंबकीय परीक्षा घेतात. हिचा उगम मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत विल्यम होक याने, चुंबकाने धरून ठेवलेले पोलादी तुकडे घासले जात असताना, निघणारा लोखंडी कीस काही ठिकाणी रेषेसारखा गोळा होतो असे पाहिले. त्या रेषा पोलादातील भेगांवर होत्या. १९२२ मध्ये त्यास या पद्धतीचे पेटंट मिळाले. कारण शाळेतील चुंबकाच्या प्रयोगावरून कळेल. अखंड पोलादातून चुंबकीय रेषा निर्वेध जातात. वाटेत भेग आडवी आली की त्यांतील काही पृष्ठभागाबाहेर उसळतात, आणि तेथे जणू एक चिमुकला चुंबक तयार होऊन कण ओढून घेतो.

‘आडवी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रेषांना समांतर असलेली भेग त्यांना अडवीत नाही, म्हणून ती दिसतही नाही. यास्तव प्रत्येक भागाला दोनदा चुंबकत्व देतात. भागातूनच वीजप्रवाह सोडला की रेषा त्याच्याभोवती कड्यासारख्या फिरतात व लांबीच्या दिशेची भेग उघड होते. तारेच्या वेटोळ्यात ठेवला की रेषा लांबीने धावतात व आडवी भेग दिसते. आयर्न ऑक्साइडच्या कणांना अनुस्फुरक रंग लावून ते हलक्या तेलात मिसळतात. शंभर मिलिलिटर तेलात खाली बसणारा कणांचा गाळ ०.१ ते ०.४ मिलिलिटर असावा लागतो. कमी झाल्यास भेगेवर पुरेसे कण जमत नाहीत, जास्त झाल्यास सारा पृष्ठभागच उजळतो. खोली अंधारी, वीस लक्सहून कमी उजेडाची. वर ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश. त्या काळोखात जेथे भेग असेल तेथे हिरवट पिवळी, केसासारखी रेषा लखलखते. रोज काम सुरू करण्यापूर्वी मुद्दाम छिद्रे पाडलेल्या एका पोलादी कड्यावर हाच प्रयोग करतात. पृष्ठभागाखाली कमी-अधिक खोल असलेल्या त्या छिद्रांपैकी ठरलेली संख्या दिसली नाही, तर त्या दिवशी उपकरणावर विश्वास ठेवीत नाहीत.

अ‍ॅल्युमिनियम व टायटॅनियम यांना चुंबक लागू नाही. त्यांच्यासाठी केशाकर्षणाचा उपयोग करतात. स्वच्छ भागावर अनुस्फुरक द्रव पसरून काही मिनिटे थांबावयाचे, वरचा द्रव धुवावयाचा आणि पांढरी भुकटी टाकावयाची. भेगेत लपलेला द्रव टिपकागदाने शाई ओढावी तसा भुकटीत येतो. धुताना हात जड झाला तर भेगेतील द्रवही निघून जातो. आणि तपासणीपूर्वी कोणी तारेच्या ब्रशाने भाग घासून ‘चकचकीत’ केला असेल, तर भेगेचे तोंडच लिंपले जाते. अशी स्वच्छता घाणीपेक्षा वाईट. पाय विमानालाच जोडलेले असताना रंगाच्या थरावरूनही तपासता येतील, असे भोवरा-प्रवाहाचे शोधक मिळतात, आणि आसाच्या आतील बाजूसाठी श्राव्यातीत ध्वनी वापरतात. दहा पट मोठे दाखविणारे भिंग व बॅटरी ही जुनी जोडी अजून निवृत्त झालेली नाही.

द्रवाने आपले काम चोख केले तरी भेग सुटू शकते, याचे एक दुःखद उदाहरण विमानाच्या पायाचे नव्हे, इंजिनाचे आहे. पण तपासणीची रीत हीच होती. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे डीसी-१० जातीचे विमान कोसळले. त्यातील २९६ जणांपैकी शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शेपटीतील इंजिनाची टायटॅनियमची तबकडी उड्डाणात फुटली होती. तिची शेवटची द्रव-तपासणी त्यापूर्वी ७६० उड्डाणे झाली होती, आणि भेग तेव्हाच पृष्ठभागावर सुमारे अर्धा इंच लांब होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. भेगेच्या आत तपासणीच्या द्रवातील रसायनाचे अंशही सापडले. म्हणजे द्रव आत शिरला होता. डोळ्यांनी मात्र ती पाहिली नाही. सरकारी चौकशी मंडळाने दोष एका व्यक्तीवर न ठेवता, माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार न करणाऱ्या तपासणीच्या पद्धतीवर ठेवला.

या मर्यादा आपण स्वतःवरही ताडून पाहू शकतो. शंभर भाग तपासले आणि एकातही भेग निघाली नाही. एकशे एकाव्या भागाकडे पाहताना डोळा आधीच ‘नाही’ म्हणत असतो. शिवाय जेथे भेग सहसा सापडते तेथे दृष्टी रेंगाळते आणि जेथे सापडत नाही तेथून घसरते. १९७०च्या दशकात अमेरिकी वायुदलाने भेगा असलेले नमुने तळातळांवर नेऊन तंत्रज्ञांची परीक्षा घेतली, तेव्हा अर्धा इंच लांबीच्या भेगाही पुष्कळांच्या नजरेतून सुटल्या. ‘या पद्धतीने सापडू शकणारी लहानात लहान भेग केवढी?’ हा प्रश्न उपकरण विकणाऱ्याचा आहे. विमानाची काळजी वाहणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न निराळा: ‘सुटून जाऊ शकणारी मोठ्यात मोठी भेग केवढी?’

म्हणून तपासनिसाच्या डोळ्यांची परीक्षा ठरावीक मुदतीने होते. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर दृष्टी स्थिरावेपर्यंत त्याने थांबावयाचे असते; प्रकाशाप्रमाणे काळवंडणारा चष्मा त्यास वर्ज्य असतो. खांब त्याने स्वतः पूर्ण फिरवून, कोपरे व छिद्रांच्या कडा क्रमाने पाहावयाच्या असतात. एखादी रेषा चमकली तरी ती भेगच असे नाही. ती पुसून, पुनः चुंबकत्व देऊन ती परत उमटते का हे पाहतात. तपासून झाल्यावर भागातील चुंबकत्व काढून टाकतात, नाहीतर तो पुढे लोखंडी कीस गोळा करीत बसेल. मग बारीक छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घट्ट करतात, कॅडमियम चढवितात, भट्टीत भाजतात, रंग देतात. आणि ते उघडे पोलाद पुनः सुमारे दहा वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.