दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि वेळ यांचे गणित



अंतर वाढले की प्रवासाचा वेळही वाढतो, असे आपण अंकगणितात शिकतो. वेग कायम असेल तर हा नियम बिनचूक ठरतो. परंतु आकाशमार्गावर वेग कायम राहत नाही. दिल्ली ते अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को हा विमानप्रवास याचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरील सपाट नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागरावरून जाते. आता पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवाजवळून जाईल. हा बृहत्‌वृत्ताचा मार्ग सर्वांत जवळचा असून त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. सपाट नकाशात गोल पृथ्वीचे अंतर जसेच्या तसे उतरत नाही, हे यावरून ध्यानात येते.

तथापि विमाने नेहमी याच रेषेने जात नाहीत. हवामान, वाटेतील देशांची परवानगी आणि संकटकाळी उतरण्यासाठी विमानतळांची सोय यांचा विचार करावा लागतो. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटरचा प्रवास करीत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रथमच पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून गेले. हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर अधिक होते. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी पूर्ण झाला.

१५,३०० ला १४.५ ने भागले असता सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतो. जुन्या मार्गावर १३,९०० ला १६.५ ने भागल्यास तो सुमारे ८४२ येतो. हा फरक वाऱ्यामुळे पडतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. विमान पूर्वेकडे निघाले की वारा पाठीशी असतो. पश्चिमेकडे निघाले की तोच समोरून अडवतो. नदीच्या प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेचे गणित येथेही लागू पडते.

घड्याळाचे गणित मात्र निराळे आहे. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची वेळ दिल्लीच्या साडेबारा तास मागे असते. रविवारी पहाटे ४ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी पोहोचले, तर दिल्लीत सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात, परंतु तेथे त्याच रविवारचे सकाळचे ६ वाजतात. केवळ घड्याळे पाहणाऱ्यास हा प्रवास दोन तासांचाच वाटेल! म्हणून दोन्ही वेळा एकाच शहराच्या वेळेत आणल्यावाचून वजाबाकी करू नये.

आता एक अभ्यास. मुंबई-लंडन विमानांचे वेळापत्रक मिळवा. जाण्याचा व परतण्याचा खरा कालावधी काढा. कोणता कमी येतो आणि का, याचे उत्तर आपल्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा.